जर-तरच्या विमानावर जुने डिकॅल: ते पाण्यात का फुटते आणि त्यावर काय करावे

मॉडेलच्या जुन्या किटमधले डिकॅल (पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हे) पाण्यात सोडले, अर्ध्या मिनिटाने चिमट्याने उचलायला गेलो आणि राउंडेलचे, म्हणजे हवाई दलाच्या गोल खुणेचे, सात तुकडे ताटलीत सुटे झाले, हा अनुभव जर-तरची, म्हणजे व्हॉट-इफ पद्धतीची, मॉडेल विमाने करणाऱ्या प्रत्येकाला केव्हा ना केव्हा येतो. आणि ज्याला एकदा येतो त्याला तो पुन्हा पुन्हा येतो. याचे कारण सरळ आहे. जे विमान ज्या देशाच्या हवाई दलात कधी उडालेच नाही, त्या देशाच्या रंगात ते करायचे तर त्याच्यासाठी तयार डिकॅल कोणी छापत नाही, त्यामुळे आपली सगळी भिस्त खोक्याच्या तळाशी उरलेल्या, कोणत्या तरी भलत्याच विमानाच्या आणि बहुधा वीस-तीस वर्षे पडून राहिलेल्या शीटवर असते. अडचण नेहमीची असूनही तिच्यावर नेहमी एकच उपाय, डिकॅल मऊ करणारे द्रावण लावण्याचा, केला जातो, आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या जागी केला जातो, असे माझे मत झाले आहे.

माझ्या टेबलावरचे सध्याचे उदाहरण १/७२ प्रमाणातल्या एफ-१०४ स्टारफायटरचे आहे, भारतीय हवाई दलाच्या रंगात. ही कल्पना अगदीच हवेतली नाही. पाकिस्तानला ही विमाने १९६१ पासून मिळू लागली होती. भारताने १९६२ मध्ये मिग-२१ घेण्याचे ठरवले आणि १९६३ मध्ये चंदीगडला २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनपासून त्यांची सुरुवात झाली, तरीही मे १९६४ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण अमेरिकेला गेले तेव्हा भारताने एफ-१०४ ची मागणी केली होती. अमेरिकेने ती मान्य केली नाही. पुढे डिसेंबर १९७१ मध्ये भारतीय मिग-२१ आणि पाकिस्तानी एफ-१०४ एकमेकांसमोर आले, हे सर्वांना ठाऊक आहे. चव्हाणांना तेव्हा होकार मिळाला असता तर, एवढ्या एका ‘तर’वर माझे हे मॉडेल उभे आहे.

त्यासाठी तीन ठिकाणचे डिकॅल जमवावे लागले. धोक्याच्या सूचना आणि बारीक इंग्रजी अक्षरे किटच्या स्वतःच्या शीटवरची, भारतीय राउंडेल एका वेगळ्याच विमानाच्या जुन्या शीटवरची, आणि अनुक्रमांकाची अक्षरे व आकडे एका सुट्या शीटवरचे. तीन छापखाने, तीन वये, तीन प्रकारची फिल्म. राउंडेलच्या शीटवरचे पहिले राउंडेल पाण्यात फुटले तेव्हा मी घाईने दुसऱ्यावर डिकॅल मऊ करणारे द्रावण लावले, कारण ‘जुने डिकॅल ताठर असते, ते मऊ करावे’ एवढेच डोक्यात होते. ते राउंडेल मऊ झाले खरे, पण त्याच्या अंगावर आधीपासून असलेल्या भेगा द्रावणाने रुंदावल्या आणि पांढऱ्या वर्तुळाचे रूप उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळासारखे झाले. सहापैकी दोन राउंडेल अशी माझ्याच हाताने गेली.

जुने डिकॅल बिघडले असे आपण म्हणतो तेव्हा त्यातले नेमके काय बिघडले हे पाहण्याची सवय आपल्याला नसते. पाण्याने सुटणाऱ्या डिकॅलमध्ये खाली कागद असतो, कागदावर पाण्यात विरघळणारा डिंक, डिंकावर पारदर्शक लॅकरची पातळ फिल्म आणि फिल्मवर शाईचे एकावर एक थर. काही शीटवर शाईच्या वरूनही पारदर्शक थर दिलेला असतो. फिल्म ठिसूळ होऊ शकते किंवा पिवळी पडू शकते, शाईला भेगा जाऊ शकतात, डिंक वाळून दगड होऊ शकतो किंवा त्याची पकड जाऊ शकते. फिल्म ठिसूळ असेल तर तिला आधार हवा असतो, मऊपणा नव्हे. डिंक मेला असेल तर फिल्मवर काहीही लावून उपयोग नसतो. म्हणून उपाय निवडण्याआधी आजारी थर ओळखणे भाग आहे, आणि तो प्रत्येक शीटचा वेगवेगळा ओळखावा लागतो.

त्याआधी एक काम मात्र न चुकता करावे. संपूर्ण शीट ६०० डीपीआयवर स्कॅन करून ठेवावे आणि स्कॅन करताना शेजारी मिलिमीटरची पट्टी ठेवावी. पुढे सगळेच बिघडले तरी माप, अक्षरांची घडण आणि रंग यांचा पुरावा हाती राहतो.

चाचणीसाठी चांगले चिन्ह खर्च करण्याची गरज नसते. जवळजवळ प्रत्येक शीटच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचे नाव किंवा किटचा क्रमांक त्याच शाईने, त्याच फिल्मवर छापलेला असतो. तोच तुकडा कापून घ्यावा. आधी तो भिंगाखाली, खिडकीच्या तिरप्या उजेडात पाहावा, कारण समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या फिल्मवरच्या केसासारख्या भेगा तिरप्या उजेडातच दिसतात. मग तो कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडवून बाहेर काढावा आणि ओल्या फडक्यावर ठेवून वाट पाहावी. मिनिटाभरात तो अखंड सरकला तर ते शीट निरोगी आहे, त्याच्या वाटेला जाऊ नये. सरकताना तुटला तर दोष फिल्ममध्ये आहे. तीन मिनिटांनीही हलला नाही तर डिंक घट्ट झाला आहे. अखंड सुटला, पण रंगवलेल्या एखाद्या टाकाऊ पंखावर लावल्यावर वाळताना कडा उचलू लागला, तर डिंकाची पकड गेली आहे. माझ्या तीन शीटपैकी किटचे शीट निरोगी निघाले, राउंडेलच्या शीटची फिल्म गेलेली होती आणि अक्षरांच्या शीटचा डिंक. एकाच विमानावर तीन निदाने.

फिल्म ठिसूळ झाली असेल तर तिच्यावर नवी फिल्म चढवणे हाच उपाय आहे. यासाठी मायक्रोस्केलचे लिक्विड डिकॅल फिल्म मिळते, ते रुंद, मऊ ब्रशने एकाच दिशेने, एकदाच ओढून लावावे. ओला थर पुन्हा घासला की ब्रश खालची शाई ओढतो. हे हाताशी नसेल तर पारदर्शक लॅकरचा स्प्रे चालतो, मात्र गाडीच्या रंगाच्या दुकानात मिळणाऱ्या स्प्रेतला थिनर जहाल असतो आणि पहिलाच थर ओला बसला तर जुनी शाई पसरू शकते. म्हणून आधी लांबून धुक्यासारखे दोन-तीन कोरडे हात द्यावेत, ते वाळले की मगच एक ओलसर हात द्यावा, आणि हे सगळे कोपऱ्यातल्या त्याच निरुपयोगी छपाईवर आधी करून पाहावे. चोवीस तास वाळू द्यावे. मला पावसाळ्यात दोन दिवस लागतात, कारण हवेत ओल असताना लॅकरवर दुधाळ झाक येते आणि ती आली की पांढऱ्या वर्तुळाचा पांढरेपणा कायमचा मळतो; शक्य असेल तर हे काम पाऊस उघडल्यावरच करावे.

नवी फिल्म चढवल्यावर एक गोष्ट विसरून चालत नाही. मूळ शीटवर बहुधा प्रत्येक चिन्हापुरतीच फिल्म असते आणि तिची कड राउंडेलच्या थोडी बाहेर संपते. आता मात्र संपूर्ण कागदावर एकसंध फिल्म झालेली असते, त्यामुळे प्रत्येक चिन्ह अगदी शाईच्या कडेला लागून कापावे लागते. कापण्याचे काम लेप वाळल्यानंतरच करावे, कारण ठिसूळ फिल्मवर पाते टेकवले की भेग पात्याच्या पुढे पळते. राउंडेलसाठी मी नवे, बाकदार पाते वापरतो आणि पात्याऐवजी कागद फिरवतो. अनुक्रमांकाच्या आकड्यांमधली मोकळी फिल्मही कापून टाकून प्रत्येक आकडा वेगळा लावणे कंटाळवाणे वाटेल, पण चंदेरी रंगावर ही मधली फिल्म सर्वांत आधी डोळ्यात भरते. आकडे सरळ रेषेत येण्यासाठी त्यांच्या खालच्या कडेला पातळ मास्किंग टेप लावून ठेवली की काम भागते.

लेप दिलेले डिकॅल पाण्यात पोहू देऊ नये. ताटलीत ओले फडके किंवा टिश्यू ठेवून त्यावर डिकॅल कागदासकट, चित्र वर करून ठेवले की पाणी खालून चढते, डिंक वाहून जात नाही आणि फिल्मवर ताण येत नाही. बोअरच्या पाण्यातले क्षार वाळल्यावर पांढरे डाग सोडतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी घरात आणलेले डिस्टिल्ड वॉटर त्यासाठी पुरेसे आहे. विमानाच्या अंगावर आधी पाण्याचा मोठा थेंब ठेवावा, त्यावर कागद टेकवून डिकॅल ओल्या ब्रशने सरकवावे. चिमट्याने उचलून नेण्याचा मोह आवरावा, कारण जुने डिकॅल बहुधा चिमट्याच्या टोकाशीच मोडते.

पिवळेपणाची गोष्ट वेगळी आहे. जुन्या लॅकरची फिल्म काळाने पिवळी पडते आणि उन्हाने तो पिवळा रंग बराचसा उडतो. शीट झिपच्या पारदर्शक पिशवीत घालून, चित्राची बाजू काचेकडे करून, ऊन येणाऱ्या खिडकीला चिकटवावे. एप्रिल-मे महिन्यांत आठवडाभरात फरक दिसतो, हिवाळ्यात दोन-तीन आठवडे लागू शकतात, आणि पावसाळ्यात हा खटाटोप करूच नये. दर दोन दिवसांनी पाहावे, कारण फिल्मबरोबर लाल आणि केशरी शाईही फिकट होण्याचा धोका असतो. भारतीय राउंडेल १९५० पासून बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे असे आहे. त्यामुळे पिवळेपणा केशरीत लपतो, हिरव्यात थोडा लपतो आणि पांढऱ्या वर्तुळात उघडा पडतो. परीक्षा त्या वर्तुळाचीच करावी. हे सगळे लेप देण्याआधी करावे. माझ्या शीटवरचा पिवळा रंग नऊ दिवसांत पूर्ण गेला नाही, पण वर्तुळ दुधाळ पांढरे झाले, आणि जुन्या विमानाच्या दृष्टीने तेवढे पुरे होते.

डिंक घट्ट झाला असेल तर पाणी कोमट ठेवावे, त्यात भांड्याच्या साबणाचा एखादा थेंब टाकावा आणि धीर धरावा. पाच मिनिटे लागली तरी चालतील, पण बोटाने रेटू नये. कडेखाली पातळ ब्रशने पाणी सोडत राहिले की एका क्षणी ते आपोआप सैल होते. काही शीटवरचा डिंक तपकिरी झालेला असतो आणि तो पांढऱ्या भागाखाली डागासारखा दिसतो; अशा वेळी डिकॅल सुटल्यावर त्याची खालची बाजू ब्रशने अलगद धुऊन सगळा डिंक काढून टाकावा आणि आपला डिंक लावावा.

डिंकाची पकड गेली असेल तरी हाच मार्ग आहे. पांढरा फेविकॉल एक भाग आणि पाणी तीन-चार भाग असे पातळ मिश्रण विमानावर, डिकॅल जेवढ्या जागेत बसणार तेवढ्याच जागेत ब्रशने पसरावे, त्यावर डिकॅल सरकवावे आणि ओल्या सुती कापडाच्या तुकड्याने मधून कडेकडे दाबत जास्तीचे मिश्रण बाहेर काढावे. बाहेर आलेले मिश्रण वाळण्याआधी ओल्या ब्रशने पुसणे आवश्यक आहे, नाहीतर ते चकचकीत ओघळ बनून राहते. अक्षरांच्या शीटवर मी हेच केले आणि एकही आकडा नंतर उचलला नाही. फेविकॉल घट्टच लावला तर अधिक चांगला चिकटेल अशी काहींची समजूत असते. त्याने डिकॅलखाली उंचवटे तयार होतात, दुसरे काही नाही.

आता ते मऊ करणारे द्रावण. ते केव्हा वापरायचे? डिकॅल अखंड असेल, जागेवर बसले असेल आणि तरीही पत्र्याच्या जोडांच्या कोरीव रेषांवर ताणून राहिले असेल, तेव्हाच. मायक्रो सेट सौम्य आहे आणि ते डिकॅलच्या खाली लावायचे असते. मायक्रो सोल किंवा मिस्टर मार्क सॉफ्टर ही फिल्म मऊ करणारी द्रावणे वरून लावतात. सॉल्व्हासेट त्यांच्याहून जहाल आहे आणि जुन्या, जाड फिल्मवर कधी कधी तेवढेच काम करते. लेप दिलेले डिकॅल जाड झालेले असल्याने त्याला एका हातात फरक पडत नाही. थोडेथोडे, मध्ये अर्धा-पाऊण तास सोडून, तीन-चार वेळा लावावे. स्टारफायटरच्या धडावर, हवा आत घेण्याच्या तोंडाच्या मागे, पृष्ठभाग गोल आहे आणि राउंडेल तिथेच येते. पहिला हात दिल्यावर काही मिनिटांत त्याला सुरकुत्या पडू लागल्या, हिरवे वर्तुळ आक्रसून भाजलेल्या पापडासारखे दिसू लागले, आणि मी हात पाठीमागे बांधून बसलो. या सुरकुत्या बोटाने सरळ करण्याइतकी दुसरी मोठी चूक नाही. वीस मिनिटांनी सुरकुत्या जिरल्या होत्या आणि पत्र्याची एक रेषा हिरव्या रंगातून उमटली होती. फवारलेल्या किंवा घासून चमकवलेल्या धातूच्या रंगावर ही द्रावणे डाग पाडू शकतात, म्हणून अशा रंगावर आधी ग्लॉसचा पारदर्शक थर दिलेला असणे गरजेचे आहे.

हाच ग्लॉसचा थर सिल्व्हरिंगवरचाही, म्हणजे डिकॅलखाली दिसणाऱ्या चंदेरी चकाकीवरचाही, इलाज आहे. मॅट रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म पातळीवर खडबडीत असतो, फिल्म त्याच्या टेकड्यांवर टेकते, खळग्यांत हवा अडकते आणि त्या हवेमुळे ही चकाकी दिसते. ती दिसल्यावर बारीक सुईने अनेक ठिकाणी टोचून त्यावर मऊ करणारे द्रावण सोडावे आणि वाळल्यावर पुन्हा सोडावे. बहुतेक वेळा दोन-तीन वेळांत हवा निघते.

जर-तरच्या विमानांना खास छळणारी आणखी एक अडचण आहे आणि ती डिकॅलच्या वयापेक्षा त्याच्या छपाईची आहे. जुन्या शीटवरची पांढरी शाई विरळ असते आणि मूळ विमानाच्या फिकट रंगावर ती खपून गेलेली असते. आपण तेच राउंडेल गडद हिरव्या रंगावर लावले की पांढरे राखाडी होते आणि केशरी विटकरी. त्यासाठी जवळजवळ त्याच मापाची पांढरी चकती आधी लावून तिच्यावर राउंडेल बसवावे लागते. चकती राउंडेलपेक्षा किंचित लहान हवी, नाहीतर कडेला पांढरी रेघ डोकावते. त्याचप्रमाणे हिरवे केंद्र एका बाजूला सरकलेले असले तर एकात एक तीन वर्तुळे असलेल्या खुणेवर ते लगेच खटकते. हिरवी एकरंगी डिकॅल पट्टी मिळाली तर गोल भोके पाडण्याच्या पंचने नवे केंद्र कापून जुन्यावर बसवता येते. घरच्या प्रिंटरवर नवे छापावे असे पुष्कळांना वाटते, पण साध्या प्रिंटरला पांढरी शाई नसते. पारदर्शक डिकॅल कागदावर छापलेल्या राउंडेलचे पांढरे वर्तुळ म्हणजे नुसती खिडकी असते. ते पांढऱ्या डिकॅल कागदावर छापावे लागते किंवा पांढऱ्या चकतीवर लावावे लागते. शिवाय इंकजेटची छपाई पाण्यात घालण्याआधी पारदर्शक थराने बंद केली नाही तर शाईच वाहून जाते.

मापाचा हिशेब आधी करावा. ३६ इंची राउंडेल १/७२ मध्ये १२.७ मिलिमीटरचे होते आणि १८ इंची ६.३५ मिलिमीटरचे. स्टारफायटरचा पंख आखूड आहे, या प्रमाणात दोन्ही टोकांमधले अंतर जेमतेम ९२ मिलिमीटर भरते आणि त्यातही मधला भाग धडाचा, त्यामुळे हंटरसारख्या मोठ्या पंखाच्या विमानासाठी छापलेले राउंडेल तिथे ताटात ठेवलेल्या परातीसारखे दिसते. पंखाची पुढची कड तर खऱ्या विमानावर इतकी धारदार होती की जमिनीवर उभे असताना तिच्यावर आवरण चढवत असत. मॉडेलवरही डिकॅल त्या कडेपर्यंत नेऊ नये, जुनी फिल्म तिथेच चिरते.

सहा जागांसाठी माझ्याकडे चारच राउंडेल उरली होती: दोन धडासाठी, दोन पंखाच्या वरच्या बाजूसाठी. खऱ्या विमानाच्या मॉडेलवर येथेच काम अडले असते. येथे मी विमानाची गोष्ट डिसेंबर १९७१ मध्ये नेली, घाईघाईने दिलेल्या हिरव्या रंगात पंखाखालच्या खुणा झाकल्या गेल्या असे ठरवले, आणि चंदेरीवर हिरवा रंग चढल्यामुळे पांढऱ्या चकत्यांचे काम तेवढे वाढले.

सगळे डिकॅल बसल्यावर एक दिवस जाऊ द्यावा, ओल्या कापडाने डिंकाचे अवशेष पुसावेत आणि मग शेवटचा मॅट किंवा अर्धचकचकीत थर द्यावा. तोही पातळ हातांनीच द्यावा, कारण जुनी शाई अजूनही थिनरला घाबरते. उरलेली शीट मी दोन जाड पुठ्ठ्यांमध्ये, सिलिका जेलच्या पुडीसह बंद पिशवीत ठेवतो, आणि प्रत्येकाच्या मागे पेन्सिलीने लिहितो: फिल्म कशी, डिंक कसा, कोणता लेप दिला, कोणत्या तारखेला. राउंडेलच्या शीटमागे सध्या ‘लेप दोन हात, द्रावण फक्त लेपानंतर’ असे लिहिलेले आहे.